जंजिऱ्यात अडकलेली बोलणी

हे तुम्ही खरं मानणार नाही. मानूही नका. मी स्वतः तिथे होतो म्हणून मला मानावं लागलं, नाहीतर मीही मानलं नसतं. राजपुरीच्या बुधाजी तांडेलाने, म्हणजे मीच, आजवर सांगितलेल्या गोष्टींत खऱ्या किती आणि खोट्या किती, याचा निवाडा या आगरदांड्याच्या जेट्टीवर अजून कोणाला करता आलेला नाही. पण ही मात्र खरी. माझ्या म्हातारीच्या तोंडून निघालेली बोलणी दसऱ्यापासून जून लागेपर्यंत जंजिऱ्यात अडकून पडली होती, आणि ती मी तिथून काढून आणली.

"जंजिऱ्यात म्हणजे? किल्ल्यात?" जीवन मास्तरांनी विचारलं.

जीवन मास्तर म्हसळ्याच्या शाळेत शिकवतात. दिघीला जाणारी बोट नुकतीच सुटली होती, पुढची यायला अवकाश होता, म्हणून स्कूटर रांगेत लावून ते माझ्या बाकावर येऊन टेकले होते. असा फुरसतीतला आणि त्यातून शिकलेला माणूस शेजारी येऊन बसला की मला जाळं टाकल्यावाचून राहवत नाही.

"किल्ल्यात," मी म्हणालो. "आणि मी ती काढून आणली नसती तर माझी नात आज पदवीधर झाली नसती."

"अहो काका, पदवीचा आणि बोलण्यांचा संबंध काय?"

लागले गळाला.

"सांगतो. पण जरा हळू बोला. तिकिटाच्या खिडकीशेजारी टोपल्या मांडून ती पाठमोरी बसली आहे ना, ती ठमाबाई. तीच म्हातारी. कान तिखट आहेत तिचे. पण समोर गिऱ्हाईक असलं की तोफ उडाली तरी तिला ऐकू येत नाही. गिऱ्हाईक आहे तोवर गोष्ट उरकू."

मास्तरांनी तिकडे पाहिलं आणि स्कूटरची चावी खिशात टाकून ते ऐसपैस बसले.

तर मास्तर, आधी तुम्हाला ठमाबाईची टोपली समजली पाहिजे. मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंत तिच्या सुक्या बोंबलांना नाव आहे. टोपलीत तळाला आखूड, मधे बरे, आणि वर सगळ्यांत लांब, चांदीच्या पट्ट्यांसारखे. मोडका, काळवंडलेला, किडा लागलेला एकही दिसायचा नाही. असा बोंबील तिच्या हाताला लागला की तो अंगणातच बाजूला पडतो. मांजराला, नाहीतर माडाच्या आळ्यात. आणि एकदा बाजूला पडला की त्याचं घरातसुद्धा नाव काढायचं नाही. जेवताना मी एकदा विचारलं होतं, "आज खराब किती निघाले गं?" तर माझ्या ताटातली आमटी उचलून नेली होती तिने.

आता कल्पिता. माझ्या सदाची पोरगी. सदा मोठ्या बोटीवर, आज इथे तर उद्या गुजरातच्या पाण्यात, म्हणून पोर लहानपणापासून आमच्याकडेच. कॉलेजात मासळीचं शास्त्र घेतलं तिने. मी म्हटलं, "अगं, मासळीचं काय शास्त्र घ्यायचं? जन्मल्यापासून खातेस ना?" तर म्हणाली, "आजा, तू पण जन्मल्यापासून बोलतोस. खरं बोलायला शिकलास का?"

पोरीच्या जिभेला अशी धार आहे. आजीवर गेली आहे.

शेवटच्या वर्षाला ती एक दिवस घरी येऊन सांगू लागली की, यंदा एका विषयाला पेपर नाही.

"पेपर न्हाय? मग पास कसं करणार? नाक बघून?"

"पोर्टफोलिओ, आजा. ई-पोर्टफोलिओ. फोनवर, कॉम्प्युटरवर आपलं एक पान करायचं. वर्षभर जे काम केलं ते त्याच्यावर ठेवत जायचं. फोटो, आवाज, लिहिलेलं. पहिल्या दिवसाचं, मधलं, शेवटचं. आणि प्रत्येकाखाली लिहायचं, काय केलं, काय चुकलं, का चुकलं, मग पुढच्या वेळी काय बदललं. मॅडम ते सगळं पहिल्यापासून बघणार आणि समोर बसवून विचारणार."

"म्हणजे चुकलेलं पण दाखवायचं?"

"ते तर पहिलं. आधी कुठे होते आणि आता कुठे आले, ते चुकलेलं बघितल्याशिवाय कसं कळेल?"

मला पटलं. मी तांडेल माणूस. नव्या खलाशाला सुकाणू धरायला दिलं की तो पहिल्या दिवशी होडी कुठे नेतो ते बघावं लागतं, तेव्हा शेवटच्या दिवशी त्याची पाठ थोपटता येते. पण ठमाबाई तेव्हा चुलीपाशी होती आणि तिने यातलं काहीच ऐकलं नाही. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

पोरीने काम घेतलं ते मासळी सुकवण्याचं. स्वच्छ, माशी न बसू देता, वाळूचा कण न लागू देता. आणि गुरू कोण? ठमाबाई. अंगण कोणाचं? ठमाबाईचं. दसऱ्यानंतर बोंबील चांगला यायला लागला तशी दोघी अंगणात उतरल्या. मास्तर, बोंबील सुकवताना बघितलाय ना तुम्ही? बांबू रोवून दोऱ्या ताणायच्या, आणि दोन बोंबील घेऊन एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी दोरीवर टांगायची. दिसायला सोपं. पोरीने पहिल्यांदा टांगले ते सकाळी बघावं तर निम्मे खाली आणि आळीतली सगळी कुत्री आमच्या अंगणात पाहुणी. दुसऱ्या वेळी इतके दाटीने टांगले की मधे वारा शिरला नाही, किडा पडला. मग बारीक कोलंबीसारखा जवळा आणला, तो वाळूत पसरला. मग एकदा बोंबील संध्याकाळी काढायचे राहिले आणि दव बसलं, सगळा माल मऊ पडला.

प्रत्येक वेळी ठमाबाई तोंड सोडायची, आणि प्रत्येक वेळी पोर मान खाली घालून फोटो काढायची आणि त्याखाली लिहायची. पुढे पुढे जमू लागलं. शिमग्यानंतरचे बोंबील तर असे उतरले की ठमाबाईने काही न बोलता ते आपल्या टोपलीत वरच्या थरात लावले. काही न बोलता, हे लक्षात ठेवा मास्तर. पोर मला म्हणाली होती, "आजा, आजी काहीच बोलली नाही रे. निदान 'बरे झालेत' तरी म्हणायचं होतं."

असो. मे संपला आणि ते पान मॅडमकडे पाठवायची वेळ आली.

दुपारची वेळ. पोर मुरूडला गेली होती. फोन घरी, भिंतीला चार्जिंगला लावलेला, आणि ते पान त्यावर उघडंच. ठमाबाईला फोन वापरता येतो बरं का. सदाशी रोज तोंड बघून बोलते ती. आणि पुसायला तर फारच छान येतं. सकाळी उठल्यापासून जगभरचे लोक तिला गुलाबाची फुलं आणि उगवते सूर्य पाठवतात, ते ती दारातल्या पाचोळ्यासारखे रोज झाडून काढते. पुसलेलं फोनातल्या कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडतं ना, तोही रिकामा करते. कचरा दारात ठेवणारी बाई नाही ती.

तिने सहज फोन हातात घेतला, आणि बघते तर काय? तिच्या अंगणातले, तिच्या दोरीवरचे, तिच्या नावाचे बोंबील. खाली पडलेले. किडा लागलेले. कुत्र्याच्या तोंडात अर्धे. आणि हे विद्यापीठाला जाणार!

तिने काय करावं? टोपली भरताना करते तेच केलं. एकेक बघून वाईट ते काढलं, चांगलं ते ठेवलं. पानावरून पुसलं, फोनातून पुसलं, डबा रिकामा केला. मग जे उरलं ते नीट लावलं, सगळ्यांत लांब बोंबील सगळ्यांत वर. आणि फोन होता तसा भिंतीला टांगून ठेवला. मी पेंगत होतो तेव्हा मला म्हणाली, "पोरीचं काम साफ केलं. भोळी हाय. घाण वर ठेवून बाजाराला निघाली व्हती."

संध्याकाळी पोर घाईत आली. मुदत संपत आलेली. आमच्याकडे नेट म्हणजे जावयासारखं, येतं तेव्हा येतं. अंगणाच्या कोपऱ्यात माडाला टेकून हात उंच केला तेव्हा एक दांडी आली. पान आधीपासून रचून ठेवलेलं होतं, म्हणून पोरीने न बघता बटण दाबलं. गेलं.

दोन-तीन दिवसांनी मॅडमनी बोलावलं. विनिता मॅडम. चांगली बाई, पोर तिचं नाव काढून थकत नाही. परत आली तेव्हा पोरीचा चेहरा ओहोटीच्या चिखलासारखा. दप्तर ठेवलं नाही, चहा घेतला नाही.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"मॅडम म्हणाल्या, पान सुंदर आहे. बोंबील तर त्याहून सुंदर. पण कल्पिता, यात तू कुठे आहेस? पहिल्या दिवसापासून असंच जमत होतं तर तू शिकलीस काय, आणि मी गुण कशाचे देऊ?" पोरीने फोन माझ्यासमोर धरला. "आणि आजा, त्यांनी अगदी हळू विचारलं, हे काम तुझंच आहे ना? की आजीचं? मी उघडून बघितलं तर माझं अर्धं पान गायब. सगळं चुकलेलं गायब. फोनात पण नाही."

चुलीपाशी ठमाबाई ताठ उभी राहिली.

"मी काढलं. साफ केलं. नासकी मासळी कोणी पाटीत घालून मिरवतं व्हय?"

मला वाटलं, आता घरात वादळ येणार. पण पोर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आजी, तू माझं सगळं वर्ष कचऱ्यात टाकलंस गं."

ठमाबाईने हातातली पळी खाली ठेवली.

"नापास केलं काय तुला?" मी विचारलं.

"अजून नाही. मॅडमनी शुक्रवारपर्यंत वेळ दिलाय. म्हणाल्या, चुकलेलं हरवलं असेल तर दुसरा काही पुरावा आण. ज्याने तुला करताना बघितलं, त्याच्या तोंडून कळू दे. आवाज टिपून लावलास तरी चालेल. पण खरं हवं, आणि त्याच माणसाचं हवं. नाहीतर हा विषय राहिला. विषय राहिला की पदवी राहिली."

आता मास्तर, माझं डोकं तुम्हाला माहीत आहे. मी म्हणालो, "एवढंच ना? बोंबील नासायला काय लागतं? आणू, ढीग करून ठेवू, किडा आपोआप येईल. काढ फोटो, लाव तारखा मागच्या."

"आजा, ती लबाडी."

"मग? विद्यापीठात लबाडी चालत न्हाय?"

"या विषयात नाही चालत."

मला खरंच वाईट वाटलं. एवढं मोठं विद्यापीठ आणि लबाडीला जागा नाही. माझ्यासारख्याने कुठे शिकायचं?

"शिवाय," पोर म्हणाली, "जून लागला. ओला बोंबील आणणार कुठून तू?"

तेही खरंच, पावसाळ्याची मासेमारी बंद झाली होती.

मग राहिली एकच साक्षीदार. माझी साक्ष कोण धरणार? करताना पोरीला बघितलं कोणी? ठमाबाईने. पोरीने तिच्या समोर फोन धरला. "आजी, तूच बोल. कुत्र्यांनी नेले ते सांग. किडा पडला ते सांग. तू जे जे मला बोललीस ते परत बोल. बास."

मास्तर, ठमाबाईचं तोंड आयुष्यात पहिल्यांदा मिटलेलं मी तेव्हा बघितलं. मग म्हणाली, "परक्या बाईम्होरं मी बोलू, का माझ्या अंगणात मासळी नासली? माझ्या सासूनं मरताना मला सांगितलंय, ठमे, टोपलीचं नाव गेलं का परत येत न्हाय. उद्या जेट्टीवर हात लावंल कोणी माझ्या मालाला? न्हाय. तुझ्यासाठी जीव मागितलास तर देईन. हे मागू नको."

आणि पाठ फिरवून बसली. गुरुवार उजाडला तरी कोणी काही बोललं नाही. घरात इतकी शांतता की मांजर घाबरून शेजारी राहायला गेलं.

"मग?" मास्तर आता बाकाच्या कडेवर आले होते. मी तिकिटाच्या खिडकीकडे नजर टाकली. ठमाबाईसमोर दोन बाया सुकट निवडत होत्या. वेळ होता.

मग मला आठवलं. ठमाबाई परत बोलणार नाही, ठीक. पण एकदा बोलली होती ना? ते बोलणं गेलं कुठे?

तुम्ही ठमाबाईचा आवाज अजून ऐकलेला नाही मास्तर. ती मला जेवायला हाक मारते तेव्हा खाडीपलीकडे दिघीची माणसं हात धुऊन पानावर बसतात. तसला आवाज हवेत विरत नाही. तो जातो सरळ. आणि आमच्या अंगणातून सरळ गेलं तर समोर काय? जंजिरा. आता जंजिऱ्याची खोड तुम्हाला ठाऊक आहे. त्याचा दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. भले भले शत्रू बाहेर फेऱ्या मारून कंटाळले. बाहेरच्याला दरवाजा सापडत नाही तर आत शिरलेल्या आवाजाला आतून कसा सापडणार? तोफांच्या भोकांतून ठमाबाईची बोलणी आत गेली आणि तिथेच राहिली. भिंतीवर आपटून फिरत राहिली. गेल्या दसऱ्यापासून.

"काका," मास्तर हसत म्हणाले, "मी शास्त्र शिकवतो शाळेत."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. अडाण्याला हे कळलं नसतं."

गुरुवारी दुपारी मी पोरीचा फोन कंबरेला बांधला, होडी पाण्यात लोटली आणि निघालो. समुद्र कसा, तर ताटातल्या पाण्यासारखा. वल्ह्याचा आवाजसुद्धा ऐकू येईल इतका. होडी दरवाजाला लावली, आत गेलो. आत शुकशुकाट. तोफा आपल्या पसरलेल्या. मी एका बुरुजात शिरलो आणि फोन पुढे केला. आधी काही नाही. मग वरच्या कोनाड्यात काही तरी फडफडलं, वटवाघूळ असावं तसं. मी म्हणालो, "ठमे?"

आणि मास्तर, पहिलं बोलणं माझ्या अंगावर आलं!

"अगं ए भवाने! बोंबील टांगलेस का फाशी दिलेस? जबड्यात जबडा असा बसव, का वाऱ्यानं हलंल पण सुटणार न्हाय! बघ, साऱ्या आळीच्या कुत्र्यांचं लगीन लावलंस माझ्या अंगणात! कालेजात हेच शिकवतात काय, कुत्री पोसायला? तुझ्या आज्याला पण पयल्या दिवशी हेच सांगितलं, त्याला पण आलं न्हाय, त्याचंच रगात!"

मी तोफेमागे लपलो. कान बधिर झाले. पण फोन धरून ठेवला. मग दुसरं आलं, थोडं लहान.

"इतके दाटीनं? एसटीत पण एवढी माणसं कोंबत न्हायत! वारा शिरंल कुठनं? बघ, पडला ना किडा? आता त्याचं पण बारसं कर!"

मग तिसरं. "जवळा वाळूत? खाणाऱ्याच्या दाताखाली समुद्र घालतेस काय?"

मग, "दवाच्या आधी काढायचे, किती येळा सांगू?"

मग फक्त, "जाळी ओढ वरनं. माशी बसंल."

मग, "मीठ बघ."

बघा मास्तर, कशी ओळीने येत होती. जुनी ती मोठी, नवी ती लहान. मासळी जाळ्यातून काढताना मोठी आधी येते तशी. आणि सगळ्यांत शेवटी, एका तोफेच्या तोंडात, अगदी खोल, काही तरी होतं. इतकं बारीक की जसं जवळ्यातलं पिल्लू. ते बाहेर यायलाच तयार नाही. मी चुचकारलं, फुंकर घातली, शेवटी तोफेत हात घालून काढलं. काय होतं माहीत आहे?

"काय?"

"हं."

एवढंच. शिमग्यानंतरच्या बोंबलांचं. पोरीला वाटलं होतं, आजी काही बोललीच नाही. बोलली होती. पण एवढ्या हळू की ते किल्ल्यापर्यंत कसं पोचलं याचंच मला नवल.

जीवन मास्तर हसता हसता थांबले. मग म्हणाले, "आणि मॅडमनी हे चालवून घेतलं?"

चालवून? अहो, डोक्यावर घेतलं! शुक्रवारी पोर कॉलेजात गेली. मॅडमनी समोर बसवलं आणि आवाज लावला. पहिल्या बोलण्याला शेजारच्या वर्गातली पोरं बाहेर आली. दुसऱ्याला शिपाई चहा सांडून उभा राहिला. मॅडम आधी दचकल्या, मग हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि नीट ऐकू लागल्या. प्रत्येक बोलण्यानंतर पोरीला विचारत गेल्या, यानंतर तू काय बदललंस? पोर सांगत गेली. जबडा कसा अडकवला. दोन जोड्यांत किती फट ठेवली. जवळ्याखाली जुनं जाळं कसं अंथरलं. दवाची वेळ कशी ओळखायला शिकली. आणि शेवटचं "हं" झालं तेव्हा पोरीच्या डोळ्यांत पाणी, मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, "कल्पिता, खोटं असतं तर ही बोलणी अशी लहान लहान होत गेली नसती. आता मला तू दिसलीस." आणि ते सगळं तिच्या पानावर लावलं. चांगल्या गुणांनी पास! आता पोर पुढचं शिकते आहे, आणि नव्या मुलांना ते पान उघडून दाखवतात म्हणे. म्हणजे ठमाबाईच्या अंगणातले किडे आता विद्यापीठात कायमचे.

"आणि आजी?" मास्तरांनी विचारलं. "त्या कुठे होत्या त्या शुक्रवारी?"

"ती? ती नव्हती घरी. सकाळीच लग्नाकार्यातलं हिरवं लुगडं नेसली, अंबाडा घातला, अंबाड्यात वेणी माळली आणि रेवदंड्याच्या बाजाराला जाते म्हणून निघाली. टोपली मात्र घरीच विसरली. म्हातारपण, दुसरं काय."

"टोपली विसरल्या? बाजाराला जाताना?"

"व्हय."

"आणि कल्पिता कॉलेजला कशाने गेली?"

"एसटीने. दोघी एकाच एसटीत बसल्या. वाट एकच ना."

जीवन मास्तर माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या मिशीत काही तरी हलायला लागलं. "काका," ते हळूच म्हणाले, "सुकट घेणाऱ्या बाया मघाशीच गेल्या."

मी मान वळवली नाही. मला कशाला वळवायची? मला माहीत होतं त्या कधी गेल्या. तोफेतल्या त्या "हं"च्या आधीच. तेव्हाच मी आवाज जरा चढवला होता.

मास्तरांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि ते शाळेतल्या पोरासारखे सावरून बसले. पलीकडून येणारी बोट खाडीच्या मधोमध होती. कठड्यावरचे बगळे उडाले ते मी आधी पाहिले, आवाज मागून आला.

"ओ तांडेल! जिभेला हाड हाय का तुमच्या? जून लागला म्हणता आणि होडी लोटलीत? कुठली होडी? साऱ्या गावाच्या होड्या वर ओढलेल्या, आपली झावळ्यांखाली शाकारलेली, तिच्यात कोंबडी अंडी उबवत बसलेली, आणि तुम्ही तिच्या सावलीत घोरत पडलेले! काय ओ मास्तर, ऐकून घेता यांचं? मी गेले व्हते कालेजात! मी बसले त्या मॅडमच्या म्होरं, आणि याच तोंडानं सगळं बोलले. कुत्र्यांनी नेले ते बोलले, किडा पडला तो बोलले, माझ्या अंगणात, माझ्या दोरीवर! ज्याला माल घ्यायचा त्यानं घ्या, न्हाय त्यानं नका घेऊ! आणि ते 'हं' कुठल्या तोफेत अडकलं नव्हतं. शिमग्याला मी बोललेच नव्हते ते. ते मी त्या दिवशी पयल्यांदा बोलले, मॅडमच्या खोलीत, माझ्या पोरीकडं बघून!"